जुन्या वास्तूला नवं काम: बडोद्यातल्या संस्थानकालीन इमारतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत कुणाच्या ओट्यावर टेकलं, की चहा येण्याआधी प्रश्न येतो: "आमचा वाडा ठेवावा की पाडावा?" लग्नात, गणपतीच्या आरतीनंतर, कामावरच्या परांच्यांखालीही तेच विचारलं जातं. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. घरमालक, ट्रस्टचे विश्वस्त आणि या शहरावर जीव असलेला कुणीही, सगळ्यांसाठी ती आहेत.

पुनर्वापर म्हणजे काय? डागडुजी आणि जीर्णोद्धार यांच्यापेक्षा तो वेगळा कसा?

गळती थांबवली, तुटलेली कौलं बदलली, ही डागडुजी. वास्तू पूर्वी होती तशी पुन्हा उभी केली, हा जीर्णोद्धार. पुनर्वापराची गोष्ट निराळी आहे. वास्तू धडधाकट असते, पण ज्या कामासाठी ती बांधली ते काम संपलेलं असतं. राजा नाही म्हणून राजवाड्याला काम नाही, एकत्र कुटुंब नाही म्हणून वाड्याला काम नाही. अशा वास्तूला आजचं काम द्यायचं आणि त्या कामापुरतेच बदल करायचे, तिचा स्वभाव न मोडता.

बडोद्यातलं याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे न्यायमंदिर. ही इमारत मुळात मंडईसाठी योजली होती. आराखडा रॉबर्ट चिझम यांचा, खर्च त्या काळचे सुमारे सात लाख रुपये. ३० नोव्हेंबर १८९६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि सयाजीराव महाराजांच्या दिवंगत पत्नी महाराणी चिमणाबाई (पहिल्या) यांचं नाव तिला मिळालं. पुढे तिथे न्यायालय बसलं, आणि न्यायमंदिर हे नाव इतकं रुळलं की मंडईचा बेत लोकांच्या आठवणीतून पुसला गेला. म्हणजे ज्या इमारतीला आपण 'मूळची कोर्टाची' समजतो, तीच शंभर वर्षांपूर्वीच्या पुनर्वापराचा नमुना आहे! २०१८ मध्ये न्यायालय दिवाळीपुऱ्यातल्या नव्या इमारतीत गेलं आणि न्यायमंदिर पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन उभं राहिलं. तिथे शहराचं संग्रहालय व्हावं हा विचार पुढे आला आहे, आणि मला तो मनापासून पटतो. मधलं उंच दालन, भोवतीचे सज्जे, चारी बाजूंनी येणारा उजेड, हे सगळं माणसांनी फिरत फिरत बघण्यासाठीच आहे. मंडईत तरी माणसं दुसरं काय करतात?

बडोदा तर गायकवाडांचं संस्थान. या इमारतींना 'ब्रिटिशकालीन' म्हणणं बरोबर आहे का?

काळ ब्रिटिशांचा, इमारती संस्थानच्या. रेसिडेंट साहेबाचा, म्हणजे दरबारी नेमलेल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीचा, वचक होताच. १८७५ मध्ये तेव्हाचे महाराज मल्हारराव यांना पदच्युत करून नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं गेलं आणि ते सयाजीराव झाले, यात इंग्रज सरकारचा हात होता. पण त्यानंतर जे उभं राहिलं, त्याचा पैसा आणि इच्छा बडोद्याची होती. मेजर चार्ल्स मँट आणि त्यांच्यानंतर चिझम हे वास्तुरचनाकार इंग्रज, दगडावर छिन्नी चालवणारे हात इथले. कमान एका शैलीची, छत्री दुसऱ्या, जाळी तिसऱ्या, अशी ही मिश्र वास्तुकला. मी स्वतः 'संस्थानकालीन' हा शब्द वापरतो.

या फरकाचा व्यवहारात उपयोग आहे. मुंबई-मद्रासला साहेबानं बरंचसं बांधलं ते कारभार चालवण्यासाठी. इथे महाविद्यालय, कलाभवन, गायनशाळा, वाचनालय, संग्रहालय, मंडई असं रयतेच्या उपयोगाचं बांधकाम खूप झालं. त्यामुळे बऱ्याच इमारतींना नवं काम शोधावंही लागलं नाही. १८८१ चं बडोदा कॉलेज आज सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा आहे. १८९० चं कलाभवन अभियांत्रिकी शाखा झालं. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेची परंपरा सूरसागरच्या काठी संगीत-नृत्य-नाट्य शाखेच्या रूपानं चालू आहे. काम तेच राहिलं, नाव बदललं.

वापर खरोखर बदलला आणि इमारत टिकली, असं बडोद्यात कुठे झालं आहे?

खंडेराव मार्केट बघा. १९०६ चं बांधकाम, नाव खंडेराव महाराजांचं, आज महानगरपालिकेचं मुख्यालय. मागे भाजी आणि फुलांचा बाजार भरतोच, त्यामुळे नावातलं 'मार्केट' खोटं पडलेलं नाही. मकरपुरा राजवाडा हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी गेला. लालबागेतला प्रताप विलास राजवाडा १९५२ मध्ये रेल्वे स्टाफ कॉलेजला मिळाला, आणि रेल्वेचे अधिकारी तिथे शिकू लागले. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात राजपुत्रांच्या शिक्षणासाठी बांधलेली शाळा होती, तिथे महाराजा फत्तेसिंह संग्रहालय झालं आणि राजा रविवर्म्यांची चित्रं लागली. दांडिया बाजारात अरविंद घोष ज्या बंगल्यात राहत, तो आज अरविंद निवास म्हणून ध्यानासाठी खुला आहे.

माझ्या मते यांतलं सगळ्यांत शहाणपणाचं उदाहरण प्रताप विलासचं. राजवाड्याला मोठी दालनं, व्हरांडे, राहण्याच्या खोल्या आणि भोवती मोकळी जागा असते. निवासी प्रशिक्षण संस्थेला नेमकं हेच लागतं. कुणाला भिंती पाडाव्या लागत नाहीत.

वापर नसला तरी इमारत कुलूप लावून जपता येत नाही का?

नाही. रिकामी इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा लवकर मरते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिल्या पावसाळ्यात पन्हळीत पानं साचतात. वापरातल्या घरात कुणीतरी ओरडतं, "अहो, भिंतीवरून पाणी येतंय!" आणि कुणीतरी शिडी लावतं. रिकाम्या घरात ओरडायला कुणी नसतं. साचलेलं पाणी भिंतीत मुरतं, तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक ओलं होतं. सागवान असलं तरी ते टोक वर्षानुवर्षं ओलं राहिलं की कुजतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. दुसऱ्या वर्षी कबुतरं येतात. तिसऱ्या वर्षी त्यांच्या विष्ठेतून कठड्यावर पिंपळ उगवतो. बोटाएवढा जाड असतो तेव्हा उपटला तर निघतो, मनगटाएवढा झाला की मुळं सांध्यांतून आत शिरलेली असतात आणि ओढलात तर त्याच्याबरोबर कठडा येतो. मग त्याची फांदी न् फांदी छाटून, खोडावर औषध लावून, मुळं सुकल्यावर चुन्यानं सांधे भरावे लागतात. सगळ्यांत शेवटी माणसं येतात. आधी दाराच्या पितळी कड्या जातात, मग कोरीव चौकटी.

त्यानंतर इमारत 'धोकादायक' ठरते, आणि धोकादायक ठरलेली इमारत पाडायला कुणाला कारण शोधावं लागत नाही. नजरबाग राजवाडा आपल्या डोळ्यांदेखत गेला. आज त्या बाजूनं जाताना मुलांना काय होतं ते सांगावं लागतं, दाखवता येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

एक सोपी गोष्ट मात्र आजच करता येते. तुमची वास्तू बंद असेल तर मृगाच्या आधी पन्हळी साफ करा, पहिल्या मोठ्या पावसात आत जाऊन छताखाली उभे राहा आणि जिथे ओल दिसेल तिथे खडूनं खूण करा. वर्षातून दोन फेऱ्या. यानं वास्तू चांगली दहा वर्षं थांबू शकते.

नवं काम कोणतं द्यायचं, हे कसं ठरवावं?

बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात. आधी ठरवतात 'हॉटेल करायचं', मग इमारत त्यात कोंबतात. खोल्या मोठ्या म्हणून मधे भिंती घालतात, छत उंच म्हणून खोटं छत टांगतात, आणि शेवटी जे वाचवायचं होतं तेच झाकलेलं असतं. आधी इमारतीचा नकाशा हातात घ्या. दालनं केवढी आहेत, उजेड कुठून येतो, जिने किती, पाणी कुठून जातं, मजल्यांना भार किती सोसवेल? मग या नकाशाला शोभेल असं काम शोधा.

भाराचा मुद्दा कुणी मनावर घेत नाही, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे राहत्या घराचा मजला चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार (माणसं आणि सामान) धरून आखतात. सभा भरेल, माणसं उभी राहतील अशा दालनासाठी ५०० किलो. आणि पुस्तकांच्या रॅकांच्या खोलीसाठी कमीत कमी ६०० किलो, तेही रॅकची उंची २.२ मीटर असताना. म्हणजे घरासाठी बांधलेल्या माडीवर ग्रंथालय थाटलं तर तिप्पट भार आला! 'आजोबांच्या वाड्यात सार्वजनिक वाचनालय करू' ही कल्पना कितीही गोड असली तरी पुस्तकं तळमजल्यावर आणि वाचणारे वर, असंच ते करावं लागेल. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बघा. १९३१ च्या त्या इमारतीत पुस्तकांसाठी लोखंडी मांडण्यांचा वेगळा सांगाडाच उभारला आणि मजल्यांना जाड काच बसवली, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. पुस्तकाचं वजन आणि पुस्तकाचा उजेड, दोन्हींचा विचार आधी झाला, इमारत नंतर झाली.

वाड्यांना काय शोभतं? लहान कार्यशाळा, शिकवणी, संगीताचे वर्ग, दवाखाना, चार-सहा खोल्यांचा पाहुणचार, चित्रांचं दालन, एखाद्या संस्थेची कचेरी. चौकाभोवती खोल्या असल्यामुळे वेगवेगळी कामं एकमेकांना अडथळा न करता चालतात. मंगल कार्यालय मात्र दहा वेळा विचार करून. एका वेळी चारशे माणसं, भटारखाना, डीजेची धडधड आणि दर आठवड्याला भिंतीत ठोकले जाणारे खिळे जुन्या गिलाव्याला पेलत नाहीत.

सगळे सांगतात 'चुनाच वापरा'. सिमेंटनं नेमकं काय बिघडतं? ते तर जास्त मजबूत असतं ना?

मजबूत आहे, तिथेच गोम आहे.

रावपुऱ्याच्या एका गल्लीतल्या वाड्यातली गोष्ट सांगतो. काकू एकट्याच राहत होत्या. ओटीच्या भिंतीवर ओल खांद्यापर्यंत चढली होती आणि रंग पापुद्र्यांनी सुटत होता. मी बोटाच्या पेरानं भिंत ठोकली. ढब ढब, आतून पोकळ.

"काकू, सिमेंटचा गिलावा कधी केला?"

"तुमचे काका होते तेव्हा. ओल कमरेपर्यंत होती, म्हणून पक्कं काम करून घेतलं होतं बघ."

आमच्या कडियानं, म्हणजे गवंड्यानं, छिन्नी लावली. सिमेंटचा पत्रा ताटाएवढ्या तुकड्यांनी सुटला, आणि त्याच्या पाठीला चिकटून विटेचा थर आला. मागची वीट मी बोटानं दाबली तर बोट आत गेलं. लाल पीठ झालं होतं. काकूंनी ते चिमटीत घेऊन बघितलं आणि काही न बोलता आत गेल्या.

झालं काय होतं? जुन्या इमारतींना बहुधा पायातून ओल रोखणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत थोडं चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर पडतं. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. सिमेंट तो रस्ता बंद करतं. पाण्याला बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ते आणखी वर चढतं. त्याच्याबरोबरचा क्षार विटेच्या आतच स्फटिक होऊन फुगतो आणि वीट आतून फोडतो. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. दुसरं असं, की उन्हा-थंडीत भिंत किंचित हलते. चुना मऊ असल्यानं तो ते हलणं पोटात घेतो, बारीक भेग पडली तरी पाणी आणि हवा लागून ती काही अंशी आपोआप भरते. कडक सिमेंट हलत नाही, मग त्याच्या शेजारची मऊ वीट तुटते. दुरुस्तीचा माल नेहमी मूळ मालापेक्षा थोडा मऊच असावा. झिजायचं तर दुरुस्तीनं झिजावं, मूळ विटेनं नाही.

काकूंच्या भिंतीला आम्ही पूर्ण उन्हाळाभर उघडं ठेवलं. पिठूळ झालेल्या विटा एकेक बदलल्या, मग चुन्याचा गिलावा तीन थरांत केला. पुढच्या दिवाळीत ओल गुडघ्याखाली होती. पूर्ण गेली नाही, जाणारही नाही, आणि ते मी काकूंना आधीच सांगितलं होतं.

चुन्याचं काम येणारे कारागीर आणि माल मिळतात का?

मिळतात, पण घाई करणाऱ्याला नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान काही आठवडे मुरू द्यावा लागतो. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. गूळ, मेथी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी यांपैकी काय घालायचं हे कामावर आणि कडियाच्या घराण्यावर अवलंबून असतं. पूर्वी बैलाच्या घाण्यात मळत, आता यंत्रावर मळतात. गिलावा लावल्यावर तो हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगड होतो, म्हणून दिवसेंदिवस ओला ठेवावा लागतो. ठेकेदारानं "पोतंभर सिमेंट टाकू, लवकर सुकेल" म्हटलं तर त्याला नम्रपणे नमस्कार करा. वयस्क कडिया भेटला तर त्याच्या हाताखाली दोन तरुण पोरं ठेवा आणि त्यांची मजुरी आनंदानं द्या.

वीज, एसी आणि संडास यांची सोय कशी करायची?

जुन्या वास्तूचं सर्वाधिक नुकसान याच तिघांनी होतं. वायरींसाठी भिंती खोदू नका. नळ्या पृष्ठभागावरून, कंगोऱ्याच्या किंवा तुळईच्या कडेनं न्या. दिसतील थोड्या, दिसू द्या. उद्या काढाव्या लागल्या तर चार स्क्रू काढून निघतील. संडास-न्हाणी शक्यतो मूळ इमारतीबाहेर, मागच्या अंगणात नव्या छोट्या खोल्यांत बांधा. जुन्या लोकांनी मोरी मागच्या बाजूला ठेवली ती उगाच नाही. माडीवरच्या सागवानी पाटणावर संडास काढून खालची तुळई कुजवलेली मी तीन घरं पाहिली आहेत.

एसीआधी एक प्रयोग करा. बंद केलेल्या वरच्या खिडक्या आणि झरोके उघडा, मधल्या काळात बसवलेलं प्लायवुडचं छत काढा, चौकावरचा पत्रा काढा. सोळा-अठरा फुटांच्या छताखाली पंखा फिरला की बडोद्याचा एप्रिल निभतो. मे महिन्यात एसी लागेलच, मग तो निवडक खोल्यांना लावा आणि बाहेरचं यंत्र दर्शनी भिंतीवर कधीही टांगू नका. त्याचं ठिबकणारं पाणी भिंतीवर सोडू नका.

वयस्क आणि अपंग माणसांसाठी लिफ्ट किंवा उतार करता येतो का?

करायलाच हवा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक वास्तूंना लागू आहे, आणि कायदा नसता तरी ज्या इमारतीत आपली आजी चढू शकत नाही ती 'सर्वांसाठी खुली' कसली? उतार मूळ पायऱ्यांवर न ओतता शेजारी स्वतंत्र ठेवा, लोखंडाचा किंवा लाकडाचा, काढता येईल असा. लिफ्ट मागच्या बाजूला स्वतःच्या पायावर उभी करा, जुन्या भिंतीला तिचा भार लागू देऊ नका.

विश्वामित्रीच्या पुराचं काय?

ऑगस्ट २०२४ चा पूर कोण विसरेल? त्याआधी २०१९ चा. नदीकाठच्या आणि सखल भागातल्या वास्तूला नवं काम देताना पाणी आत येणार असं धरूनच चाला. विजेची मुख्य पेटी, इन्व्हर्टर, सर्व्हर, जुने कागद, चित्रं यांतलं काहीही तळमजल्यावर ठेवू नका. तळमजल्याला दगडी फरशी आणि चुन्याचा गिलावा असेल तर पाणी ओसरल्यावर धुऊन, दारं-खिडक्या उघडी ठेवून तो सावरतो. प्लायवुड, जिप्सम बोर्ड आणि गालिचे केले असतील तर सगळं फेकावं लागतं. पुरानंतर भिंती सुकायला महिने लागतात. कुणी दोन आठवड्यांत रंग लावून देतो म्हणालं तर थांबवा.

परवानग्या कोणत्या लागतात?

आधी तुमची वास्तू कुणाच्या यादीत आहे ते बघा: केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या, राज्याच्या, की शहराच्या वारसा यादीत. केंद्राच्या संरक्षित स्मारकाजवळ घर असेल तर जास्त जपून. बडोद्यात तांबेकर वाडा तसा आहे. १८४९ ते १८५४ या काळात दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर, आत भिंतीभर चित्रं. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच बांधता येतं. १०० मीटरांच्या आत १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर दुरुस्तीची परवानगी मिळू शकते, पण अर्ज आधी, छिन्नी नंतर. बाकी वापरबदल, अग्निशमन आणि बांधकाम यांसाठी महानगरपालिका. अर्जाबरोबर मोजमापाचे नकाशे आणि प्रत्येक खोलीचे फोटो जोडा. निम्मे अर्ज कागद अपुरे म्हणून अडतात.

पैसा कुठून आणायचा?

दोन-तीन वाटा आहेत. गुजरात सरकारनं २०२० मध्ये वारसा पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंमध्ये हॉटेल, संग्रहालय, उपाहारगृह, समारंभाचं दालन करणाऱ्यांना साहाय्याची तरतूद होती. सध्या काय लागू आहे ते पर्यटन खात्याकडून ताजं विचारून घ्या. ट्रस्टच्या वास्तूसाठी कंपन्यांचा सामाजिक निधी मागता येतो, कारण २०१३ च्या कंपनी कायद्यात ऐतिहासिक इमारतींचं पुनरुज्जीवन त्या यादीत आहे. पण घरगुती वाड्याचा खरा पैसा वाड्यातूनच यावा लागतो. सगळं काम एका दमात काढू नका. आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग पुढच्या दोन खोल्या तयार करून त्या भाड्यानं द्या. त्या भाड्यातून मागचा भाग. तळेगावकडच्या माझ्या मामांनी मला शिकवलं होतं, "डोकं झाक, पाय कोरडे ठेव, अंगरखा नंतर शिव." वाड्यालाही तेच लागू पडतं.

दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागे नवी इमारत बांधली तर चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे, नाही. तो मुखवटा झाला. चौक, जिना, ओटी, माजघर या क्रमात घराची समज असते. तो क्रम गेला की पुढच्या कोरीव सज्जाला अर्थ उरत नाही. मागची पडवी खरोखरच कोसळली असेल तर तिथे नवं बांधा, आणि ते नवं आहे हे दिसू द्या. जुन्याची नक्कल करू नका.

सगळीकडे महागडे कॅफे झाले तर आपल्या माणसांना तिथे काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मी आभारी आहे. सयाजीरावांच्या काळी संग्रहालय, वाचनालय, बाग यांची दारं सामान्य माणसासाठी उघडी होती. त्याच इमारतीत आज शंभर रुपयांची कॉफी घेतल्याशिवाय बसता येत नसेल तर वास्तू टिकली पण तिचं व्रत मोडलं. खासगी वाड्यात मालकानं कॅफे जरूर काढावा, त्याला छप्पर जपायचं आहे. सार्वजनिक इमारतीत मात्र निदान तळमजला, चौक आणि व्हरांडा फुकट खुले हवेत. आणि न्यायमंदिराभोवती ज्यांच्या दोन-दोन पिढ्या लारी (हातगाडी) लावून उभ्या आहेत त्यांना उठवून नंतर तिथे 'जुन्या बाजाराचा अनुभव' विकायचा, असं होऊ नये.

आमच्याकडे वाड्याचे जुने कागद आहेत, बरेचसे मोडीत. त्यांचा काही उपयोग?

खूप. खरेदीखतात बहुधा चतु:सीमा लिहिलेल्या असतात, कधी खणांची संख्या, विहिरीतला वाटा, पन्हळीचं पाणी कुणाच्या हद्दीत पडायचं हेसुद्धा. एका घरात भिंत मधेच जाड का होते ते आम्हाला महिनाभर कळेना. शेवटी ट्रंकेत तळाशी मोडीतली दुरुस्तीची याद सापडली. पूर्वी तिथे जिना होता, तो बुजवला होता. भिंत उघडली तर पायऱ्या जागच्या जागी होत्या, अकरा, दगडी, पहिलीवर कुणीतरी कोरलेलं गोपद्म. तोच जिना आता आगीच्या वेळचा दुसरा मार्ग म्हणून वापरात आहे. म्हणून रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ट्रंक रिकामी करा, प्रत्येक कागदाचा फोटो काढा आणि मोडी वाचणारं माणूस गाठा. बडोद्यात अजून आहेत, बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे.